कातरवेळी कॅमेरा घेऊन निघताना

लोणंद परिसरातील पक्षी, त्यांचे छायाचित्रण आणि पाळावयाची पथ्ये

प्रतिनिधी, लोणंद

लोणंदचे नाव निघाले, की व्यापाऱ्यांना कांद्याची बाजारपेठ आठवते. वारकऱ्यांना आठवतो तो नीरास्नानानंतरचा संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम, आणि पुणे-मिरज लोहमार्गाने जाणाऱ्या प्रवाशांना वाटेतले स्थानक. पक्षी पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून या गावी यावे, हे मात्र फार थोड्यांच्या मनात येते. येथे ना घनदाट अरण्य आहे, ना तिकीट काढून आत शिरावे असे अभयारण्य. कालव्याचा काठ, त्यावरच्या बाभळी, एका बाजूस ऊस, दुसऱ्या बाजूस माळरान आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा एवढीच काय ती सामग्री. तरीही सायंकाळी पाच वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत जो या काठाने सावकाश चालेल, त्यास वीस-पंचवीस जातींचे पक्षी सहज दिसू शकतात.

शहरांतून सायंकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यांच्या हाती आता कॅमेरा असतो. निदान भ्रमणध्वनी तरी असतोच. पुण्या-मुंबईचे अनेक हौशी छायाचित्रकार सुट्टीच्या दिवशी गावाकडे येतात तेव्हा पक्ष्यांची छायाचित्रे टिपतात. हा छंद चांगलाच आहे. अडचण आहे ती वेळेची. सूर्य कलला की प्रकाश मऊ व सोनेरी होतो आणि छायाचित्रकार सरसावतो. नेमक्या त्याच वेळी पक्षी दिवसभराचे चरणे आटोपून रात्रीच्या निवाऱ्याची जागा शोधत असतात. आपल्या दृष्टीने ही उत्तम घटिका असते. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ती दिवसातील अत्यंत नाजूक घटिकांपैकी एक असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे ज्याला साधले त्यालाच हा छंद साधला, असे म्हणावे लागेल.

पाणी आणि माळ यांची सरहद्द

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील गाव. नीरा नदी ही येथे सातारा व पुणे या जिल्ह्यांची सीमा आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने कमी होतो. त्यामुळे हा पट्टा मूळचा पर्जन्यछायेचा, कुसळी गवताचा आणि काटेरी झुडपांचा. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. पुढे १९६० च्या दशकात वीर येथे नीरेवर धरण उभे राहिले. वीरच्या उजव्या कालव्याचे पाणी खंडाळा, फलटण, माळशिरसपर्यंत पोहोचते. लोणंदजवळच पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले, यावरून या पाण्याने येथील शेतीचे रूप किती पालटले याची कल्पना येईल.

पक्ष्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कोरड्या माळाचे पक्षी आणि पाण्याचे पक्षी येथे हाकेच्या अंतरावर एकत्र आले. माळावर डोंबारी, चंडोल, तितर, माळटिटवी. तर कालव्यावर खंड्या, वंचक, शेकाट्या आणि भिंगऱ्या. उसाच्या शेतात पाणी सोडले, की जमिनीतून वर येणाऱ्या किड्यांसाठी गायबगळे आणि काळे शराटी गोळा होतात. कालव्याला आवर्तन सुटले आहे की नाही, यावरही त्या दिवशी काय दिसेल हे ठरते. पाणी वाहते असेल तर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवीत तरंगतो आणि दगडासारखा खाली झेपावतो. पाणी बंद असेल तर तळाच्या डबक्यांतून धोबी शेपटी हलवीत हिंडतात.

जाताना सूर्य पाठीशी

छायाचित्रकाराने फेरफटक्याची दिशा आधी ठरवावी. लोणंदहून फलटणच्या अंगाने जाणारा रस्ता वा कालव्याचा काठ साधारण पूर्वेकडे जातो. सायंकाळी त्या दिशेने निघाल्यास सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि समोरच्या पक्ष्यावर पूर्ण प्रकाश पडतो. परतताना सूर्य समोर येतो. तेव्हा पिसांचे रंग दिसेनासे होतात आणि उरतात त्या केवळ आकृती. म्हणून जाताना रंग टिपावेत आणि येताना छायाकृती, असा साधा नियम ठेवावा.

पहिला धडा विजेच्या तारांवर मिळतो. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून दोन बारीक पिसे बाहेर आलेला तो वेडा राघू. तो तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. त्याची ही सवय छायाचित्रकाराच्या सोयीची आहे. पक्षी उडाला म्हणून त्याच्या मागे धावू नये. कॅमेरा त्याच जागेवर रोखून उभे राहावे, तो परत येतोच. दुभंगलेल्या शेपटीचा काळा कुळकुळीत कोतवाल आणि डोळ्यांवर काळी पट्टी असलेला खाटीक हेही असेच ठरलेल्या बैठकीवरून शिकार करणारे पक्षी आहेत.

याच तारांवर हिवाळ्यात नीलपंख दिसतो. कोणी त्याला नीळकंठ म्हणतात, कोणी तास. बसलेला असताना तो तपकिरी आणि मळकट वाटतो, उडाला की निळ्या रंगाच्या दोन छटा झळकतात. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानणारे लोक आजही आहेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालानुसार मात्र या पक्ष्याची संख्या सुमारे बारा वर्षांत ३० टक्क्यांहून अधिक घटली आहे. आपल्या फेरफटक्यात तो दिसला, तर छायाचित्राबरोबर तारीख आणि ठिकाणही टिपून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

कालव्यावरच्या लहान पुलांखाली डोकावल्यास मातीच्या वाटीसारखी घरटी दिसतात. ती तारवाल्या भिंगरीची. डोक्यावर तांबडी टोपी आणि शेपटीतून निघालेल्या दोन तारा यांवरून ती ओळखू येते. भिंगरी पुलावरच्या कठड्यावर बसते तेव्हा तिचे छायाचित्र सहज मिळते. त्यासाठी पुलाखाली उतरण्याची गरज नाही, आणि उतरूही नये.

टिटवीचा समुद्र

उन्हाळ्यात माळावर चालताना एकाएकी टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागते. शहरी पाहुण्यांना वाटते, पक्षी आपणहून जवळ आला, छायाचित्राची संधी चालून आली. वस्तुतः आपण तिच्या अंड्यांच्या जवळ आलेलो असतो. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांच्या मध्ये ती अंडी घालते आणि ती मातीच्या रंगाशी अशी मिसळून जातात, की पायाखाली आली तरी कळू नयेत. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर पाऊस बेताचा, असा आडाखा शेतकरी बांधतात.

एप्रिल-मेच्या उन्हात या अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज अधिक असते. नर आणि मादी आळीपाळीने त्यांच्यावर उभी राहून सावली धरतात. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. अशा वेळी चांगले छायाचित्र मिळेपर्यंत एखादा मनुष्य तेथे अर्धा तास उभा राहिला, तर पक्षी अर्धा तास अंड्यांपासून दूर राहतो. ऊन आपले काम करते. सायंकाळ असेल तर ऊन नसते, पण कावळा असतो. मनुष्य कोठे थांबला आणि टिटवी कोठून उठली, हे कावळा झाडावरून पाहत असतो. छायाचित्रकार समाधानाने घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी अंडी नाहीशी झालेली असतात. त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या कधी ध्यानीही येत नाही.

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अंडी पळविणाऱ्या समुद्राशी झुंजणाऱ्या टिटवीची कथा पंचतंत्रात आहे. आजच्या टिटवीला समुद्राची धास्ती नाही. तिला माणसाने दहा पावले मागे सरकावे, एवढेच हवे असते. टिटवी ओरडू लागली की ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे फिरावे. पाऊल टाकताना जमिनीकडे पाहावे.

परतीच्या वाटेवरची वर्दळ

सूर्य क्षितिजाला टेकला की माळावरचे आकाश गजबजू लागते. गायबगळ्यांच्या ओळी एकामागून एक जातात. काळे शराटी बाकदार चोची पुढे काढून झाडांकडे परततात. साळुंक्या एखाद्या वडावर वा पिंपळावर जमून असा गलका करतात, की खाली उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये. वेडे राघू एकाच फांदीवर खांद्याला खांदा लावून दाटीने बसतात. पक्षी रात्री एकत्र विसावतात त्या जागेला मराठीत ‘रातथारा’ असा सुरेख शब्द आहे.

हिवाळ्यात या वर्दळीत भोरड्यांची भर पडते. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येतात. पावसाळा सरता सरता त्या दाखल होतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करतात. ज्वारीला दाणा भरला की त्यांचे थवे शेतावर उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफणीने त्यांना हाकलणारा राखणदार हे या मुलखातील जुने दृश्य आहे. याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणावर फस्त करतात, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सायंकाळी रातथाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्यांचा थवा आकाशात धुरासारखा पसरतो, आक्रसतो, वळतो. हे दृश्य टिपण्यास मोठे भिंग लागत नाही. साधा भ्रमणध्वनीही चालतो.

याच सुमारास माळरानावर अधिक मोलाची, पण कोणाच्या फारशी लक्षात न येणारी गोष्ट घडत असते. भोवत्या या नावाने ओळखले जाणारे शिकारी पक्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात दख्खनच्या गवताळ माळांवर येतात. त्यांपैकी माँटेग्यूच्या भोवत्यांना उपग्रहीय यंत्रे बसविल्यावर ते कझाकस्तानच्या गवताळ मैदानांपर्यंत जात असल्याचे आढळले. हे पक्षी झाडावर झोपत नाहीत. गवतात, थेट जमिनीवर, कधी एकेकटे तर कधी समूहाने रात्र काढतात. दिवस मावळताना ते जमिनीलगत संथपणे घिरट्या घालू लागले, की बघणाऱ्याला ती शिकार वाटते. पुष्कळदा ती निवाऱ्याच्या जागेची पाहणी असते. त्या वेळी मोटार गवतात घालून त्यांच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला, तर ते उठतात आणि उरलेल्या थोड्या उजेडात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते. अंधार पडल्यावर कुत्री, कोल्हे आणि रानमांजरे यांना जमिनीवरचा पक्षी सोपा असतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला आपण अशा रीतीने रात्री घराबाहेर काढतो.

उजेड आणखी ओसरला की पाळी बदलते. झाडाच्या ढोलीतून पिंगळा डोके बाहेर काढतो. रातबगळे खरखरीत आवाज करीत पाण्याकडे निघतात. पायवाटेवर मातीच्या ढेकळासारखा बसलेला रातवा एकदम उडतो. विजेरी वा फ्लॅश यांचा झोत या पक्ष्यांच्या डोळ्यांवर मारू नये. अंधाराला सरावलेली दृष्टी त्याने दिपते आणि ती पूर्ववत होण्यास वेळ लागतो. कर्ण्यावरून वा भ्रमणध्वनीवरून घुबडाचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलाविण्याची युक्तीही अशीच टाळण्याजोगी आहे. आपल्या हद्दीत दुसरा कोणी आला असे समजून पक्षी शिकार सोडून त्या आवाजाच्या मागे लागतो.

कॅमेरा कसा लावावा?

सायंकाळचा प्रकाश फसवा असतो. आपल्या डोळ्यांना तो पुरेसा वाटतो, कॅमेऱ्याला मात्र तो भराभर अपुरा पडत जातो. सूर्यास्तापूर्वी तासभर बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० पर्यंत ठेवता येतो. त्यासाठी आयएसओ ४०० पासून पुढे वाढवावा लागतो. सूर्यास्ताच्या सुमारास तो १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यावा लागला, तरी हरकत नाही. थोडी दाणेदार पण स्पष्ट प्रतिमा ही गुळगुळीत पण हललेल्या प्रतिमेहून केव्हाही बरी.

दुसरी गोष्ट पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. म्हणून हिरव्या शेतातील पांढरा बगळा जळाल्यासारखा पांढराफटक येतो आणि फिक्या आकाशापुढचा कोतवाल नुसता काळा डाग होतो. बगळ्यासाठी एक्स्पोजर थोडे कमी करावे, कोतवालासाठी थोडे वाढवावे. पिसांतील बारकावे दिसू लागतील.

भिंग ३०० मिलिमीटर वा त्याहून मोठे असल्यास उत्तम. ते खर्चाचे असते. दूरचे टिपणारे झूम असलेले सुटसुटीत कॅमेरे त्याहून स्वस्तात मिळतात आणि हौसेपुरते ते पुरतात. भ्रमणध्वनीने दूरच्या पक्ष्याचे पीस न्‌ पीस टिपता येत नाही, हे मान्य करावे. परंतु मावळता सूर्य, बाभळीचे झाड आणि त्यावर उतरणारी बगळ्यांची रांग हे चित्र त्यावर उत्तम येते. पक्षी लहान आला तरी चालेल, त्याचे घर चित्रात आले पाहिजे.

अंतर किती ठेवावे, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे. सर्व पक्ष्यांना लागू होईल असा आकडा सांगता येत नाही. गायबगळा बैलाच्या पायांत वावरतो, तर तितर शंभर पावलांवरून पळतो. पक्ष्याकडे पाहिले की तोच उत्तर देतो. चरणारा पक्षी चरणे थांबवून मान ताठ करून पाहू लागला, की आपली मर्यादा आली. तो अंग आखडून उडण्याच्या पवित्र्यात आला, तर मर्यादा ओलांडली. तेथून मागे सरकून स्थिर उभे राहावे. बहुधा थोड्या वेळाने तो पुन्हा चरू लागतो आणि मग मिळणारे छायाचित्र भेदरलेल्या पक्ष्याच्या छायाचित्राहून कितीतरी सरस असते.

घरट्याचे छायाचित्र आणि कायदा

जुन्या पुस्तकांत घरट्यावरच्या पक्ष्यांची छायाचित्रे विपुल आढळतात. मग आजच ती निषिद्ध का, असे कोणी विचारील. त्याचे कारण बरेचसे तांत्रिक आहे. त्या काळी कॅमेरे अवजड होते, फिल्म मंद होती आणि दूरचे टिपणारी भिंगे दुर्मिळ होती. पक्षी खात्रीने एकाच जागी परत येईल असे ठिकाण म्हणजे घरटे. म्हणून छायाचित्रकार घरट्यापाशी लपण उभारून तासन्‌तास बसत. ई. एच. एन. लोथर यांचे भारतातील पक्षी छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच पद्धतीच्या काळातले. आता हातातल्या कॅमेऱ्याने उडता पक्षी टिपता येतो. घरट्याजवळ जाण्यासाठी जी सबब होती, ती उरलेली नाही. छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांतून घरट्यांची छायाचित्रे आता स्वीकारली जात नाहीत.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत पक्ष्यांची अंडी फोडणे एवढेच नव्हे, तर अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश होतो. फांदी बाजूला सारून पिल्लांचे छायाचित्र घेणाऱ्यास आपण शिकार करीत आहोत असे वाटत नाही. कायद्याच्या भाषेत ते शिकारीच्या जवळ जाते.

तथापि घरट्याजवळ न जाताही विणीचा हंगाम पाहता येतो. पावसाळ्यात विहिरीवर वा कालव्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकू लागतात. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींचे बारकाईने निरीक्षण केले. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले, की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडले तर मादी तेथे संसार मांडते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो. हे सारे पलीकडच्या काठावरून, कोणालाही त्रास न देता, दुर्बिणीतून दिसते. शिवाय विणणारा पिवळाधमक नर हा छायाचित्रासाठी घरट्यातल्या पिल्लांपेक्षा चांगला विषय आहे.

छायाचित्राची नोंद होते तेव्हा

टिपलेली शेकडो छायाचित्रे संगणकात पडून राहतात. त्यांपैकी काही उपयोगी पडू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर जगभरातील पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी जमा करतात. कोणत्या तारखेस, कोणत्या ठिकाणी, किती वेळ चालून, कोणते पक्षी किती दिसले, एवढेच त्यात भरावयाचे असते. ओळख पटवण्यासाठी छायाचित्र जोडता येते. वर उल्लेखिलेला २०२३ चा अहवाल अशाच ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींच्या संवर्धनाला तातडीचे प्राधान्य द्यावे, असा निष्कर्ष निघाला. गवताळ माळरानासारख्या मोकळ्या जागांचे पक्षी, शिकारी पक्षी आणि स्थलांतर करून येणारे पाणपक्षी यांची घसरण अधिक असल्याचे त्यातून दिसले.

लोणंदच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. शिरवळ, खंडाळा, लोणंद या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत औद्योगिक वसाहती वाढल्या, रस्ते रुंदावले, वस्ती पसरली. रोजगार हवा, घरे हवीत, याविषयी दुमत नाही. परंतु जागा निवडताना माळाची नोंद ‘पडीक’ अशीच होते. जेथे काही पिकत नाही तेथे काही नाहीच, असे धरून चालले जाते. त्या माळावर डोंबारी अंडी घालतो, भोवत्या रात्र काढतो, तितर पिल्ले वाढवतो, हे सांगणारा कागद कोणाकडे नसेल, तर त्याचा विचार तरी कोण करणार? सायंकाळी फिरायला जाणाऱ्याने तारखेसह नोंदवलेले पाच-दहा वर्षांतील छायाचित्र हा असा कागद होऊ शकतो. एकाच वाटेने आठवड्यातून एकदा चाललेला मनुष्य, वर्षातून एकदा दूरच्या अभयारण्यात जाणाऱ्यापेक्षा या कामी अधिक उपयोगी पडतो.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना होते. भारतातील पक्षीनिरीक्षक २०१३ पासून तीत भाग घेत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. त्याचा आरंभ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होतो आणि समारोप डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनी. चितमपल्ली यांचे जून २०२५ मध्ये सोलापूर येथे निधन झाले. पक्ष्यांची आणि वनस्पतींची लोकांच्या तोंडची नावे गोळा करून त्यांनी मराठीला दिली. छायाचित्राखाली पक्ष्याचे मराठी नाव लिहिणे, ही त्यांच्या कार्याची छोटीशी परतफेड ठरेल.

केव्हा काय पाहावे?

जून ते सप्टेंबर : सुगरणींची विणकामे, केशरी छटा आलेले गायबगळे, तितरांची पिल्ले. जूनअखेरीस सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होत असल्याने फिरायला भरपूर वेळ मिळतो. प्रकाश मात्र ढगांवर अवलंबून.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : पाहुण्यांचा हंगाम. भोवत्या, धोबी, भोरड्या, नीलपंख. हवा स्वच्छ असते. नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेचारलाच निघावे.

मार्च ते मे : टिटवी आणि माळावरच्या इतर पक्ष्यांची वीण. पाणी कमी असल्याने उरलेल्या डबक्यांवर पक्षी गोळा होतात. पाण्याजवळ ठाण मांडून बसू नये, तहानलेला पक्षी आपल्यामुळे परत जातो.

परिसरातील अन्य ठिकाणे

लोणंदहून वीर धरणाचा जलाशय जवळ आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस उतरतात. उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य असून, माळरानाचे पक्षी आणि चिंकारा हरणे तेथे दिसतात. सातारा जिल्ह्यातच खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे. रोहित पक्ष्यांमुळे नावाजलेल्या या परिसराला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेजवळील सागरेश्वर अभयारण्य उजाड डोंगरावर माणसांच्या प्रयत्नांतून उभे राहिले आहे. संरक्षित क्षेत्रांत जाण्यापूर्वी वन खात्याचे नियम आणि वेळा यांची चौकशी करावी.

ही पथ्ये पाळावीत

कालव्याचे अस्तर शेवाळलेले असते आणि आवर्तन चालू असताना पाण्याला ओढ असते. छायाचित्राच्या नादात काठावरून खाली उतरू नये. तिन्हीसांजेला घोणस, फुरसे, नाग हिंडू लागतात, म्हणून पायांत बूट आणि पायाखाली पाहण्यापुरती विजेरी असावी. तिचा झोत झाडांवर टाकू नये. उभ्या पिकात शिरण्यापूर्वी शेतमालकाची परवानगी घ्यावी. भडक कपडे टाळावेत. दगड मारून वा टाळ्या वाजवून थवा उडवू नये. घरट्याचे अथवा रातथाऱ्याचे नेमके ठिकाण सांगणारे छायाचित्र सर्वांना पाठवू नये, कारण ते चांगल्या हेतूच्या माणसांपुरते मर्यादित राहत नाही. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कॅमेरा पिशवीत ठेवावा.

हे शेवटचे पथ्य पाळणे हौशी मंडळींना जड जाते. अजून थोडा उजेड आहे, अजून एक बगळा येतो आहे, असे वाटत राहते. पण ज्या फांदीकडे तो येत आहे तिच्या खाली आपण उभे असलो, तर तो उतरत नाही. एक फेरी मारतो, दुसरी मारतो. आपण चार पावले चालू लागलो, की तो मागे अलगद उतरतो. ते छायाचित्र आपल्याला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो त्याच फांदीवर येतो आणि तेव्हा प्रकाशही बहुधा बरा असतो.